हौदावरचं गोणपाट

सगुणाबाईच्या नाकावर राग असतो, असं अख्खी कवठेवाडी सांगायची. सांगेना का. राग यायला कारण लागतं, आणि कवठेवाडीत पावसाचा दुष्काळ पडला, चाऱ्याचा पडला, पण कारणांचा कधी पडला नाही.

निलंग्याहून चार कोसांवर हे गाव. गावाच्या कडेला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. पत्र्याच्या पाच खोल्या, एक स्वयंपाकघर, धान्याची एक कोठी आणि मागं सिमेंटचा हौद. साठ पोरी राहायच्या. निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, त्यामुळं सुट्टी लागली तरी त्यांना जायला घर उघडं नसायचं. सगुणाबाई सूर्यवंशी तिथं बारा वर्षं कामाला होती. कोठी झाडायची, दाणे पाखडायचे, पाणी भरायचं, ही तिची कामं. भाकरी थापायला मात्र कोंडाबाई. ही वाटणी कुणी तोंडानं केली नव्हती. असल्या वाटण्या तोंडानं करायच्याच नसतात, त्या आपोआप होतात, जशी बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला आपोआप होते.

पहिल्या वर्षी दोनचार पोरी तिच्या हातचं पाणी घेईनात. सगुणाबाई म्हणाली, "नका पिऊ. मायच्यान, मला काय, घसा तुमचा वाळंल." दुपारपर्यंत सगळ्या प्यायल्या. पुढं तिची मावशी झाली ती झालीच.

तिच्या रागाचं मूळ मात्र जुनं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तिथंच तिची दोन वर्षांची लेक हगवणीनं गेली, दीड दिवसात. लोक म्हणाले, देवानं नेली. सगुणाबाईच्या सासऱ्यानं दीक्षा घेतल्यापासून तिच्या घरात देव नव्हता, तेव्हा देवावर ढकलून गप बसायची सोय तिला नव्हती. कुणीतरी काहीतरी केलं होतं, नाहीतर कुणीतरी काहीतरी करायचं राहिलं होतं, एवढं तिला तेव्हाच कळलं. ते कोण, हे तेवढं कळलं नाही. त्या न कळण्याचा राग तिनं चौदा वर्षं जपला होता.

आता शहाऐंशीचा उन्हाळा चालू होता. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. जिल्हा झाला तेव्हा कवठेवाडीनं पेढे वाटले होते. काय बदललं? आधी कागद उस्मानाबादला जाऊन हरवायचा, आता लातूरला जाऊन हरवतो. तेवढं हरवणं जवळ आलं.

पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून शेतात उंदरांना दाणा नाही. इतर साली सुगी सरली की गरिबाघरच्या बाया उंदरांची बिळं उकरून त्यातली कणसं काढायच्या. या साली बिळं रिकामी निघाली. उंदरांनी शेत सोडलं आणि गाव धरलं. गावात धान्य कुठं, तर वसतिगृहाच्या कोठीत. कोठीच्या दाराखाली चार बोटं फट होती आणि त्या फटीतून रोज संध्याकाळी उंदरांची वरात आत जायची.

सगुणाबाईनं दिवाळीतच अधीक्षकांना सांगितलं होतं. अधीक्षक देविदास मास्तर, मऊ बोलणारा माणूस. मऊ बोलणारी माणसं सगुणाबाईला मुळीच आवडायची नाहीत.

"सर, दाराला खालून वीतभर पत्रा मारून घ्या."

"वर कळवलंय, सगुणाबाई."

संक्रांतीला तिनं पुन्हा सांगितलं. वर कळवलं होतं. शिमग्याला सांगितलं. स्मरणपत्र गेलं होतं. "आवं, वीतभर पत्र्याला वर काय इचारायचं? उंदीर वर इचारून येऊन राहिले का?" असं ती ओरडली तेव्हा मास्तर हसले आणि सही करायला आत गेले. ती रोज सुपातल्या ज्वारीतून लेंड्या निवडायची आणि निवडता निवडता उंदरांना, मास्तरांना आणि वर जे कोण बसलंय त्याला एकाच दमात शिव्या द्यायची.

पाण्याचे हाल तर विचारूच नका. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि हौदात रिकामा व्हायचा. उघडा हौद, वर आग ओकणारं ऊन. पाणी तापायचं, धूळ पडायची, आटून बोटभर खाली जायचं. सगुणाबाईचा जीव तुटायचा. मग तिला एक युक्ती सुचली. घरात रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळतात, पाणी गार राहतं, हे कुणाला सांगायला लागतं का? तिनं कोठीतली रिकामी पोती काढली, झटकली, दाभण आणि सुतळी घेऊन दोन दिवस बसली आणि एक मोठं गोणपाट शिवून हौदावर पसरलं. मध्ये झोळ आला, तो पाण्याला टेकायचा. ओलं गोणपाट गारवा धरायचं. पाणी असं गार झालं की पोरी दोन-दोन तांबे प्यायला लागल्या.

"तुझं डोस्कं म्हंजे डोस्कं हाय बाई," कोंडाबाई म्हणाली. बारा वर्षांत कुणी सगुणाबाईच्या डोक्याचं नाव काढलं नव्हतं. ती दिवसभर कुणावर ओरडली नाही.

आठवड्याभरानं संस्थेचे तपासनीस आले. हौद बघून खूश झाले. मास्तर मऊ आवाजात म्हणाले, "मीच करून घेतलंय, साहेब. पाण्याची बचत." तपासनिसांनी ते वहीत लिहून घेतलं. सगुणाबाई चार हातांवर झाडत उभी होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे तिनं लई पाहिले होते. तिनं मास्तरांच्या पायावर बेतानं धूळ उडवली आणि विषय सोडून दिला.

तपासनीस गेले आणि चार दिवसांनी केवळा पडली.

केवळा अकरा वर्षांची, आईबाप कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेलेले. पंगतीत रोज हात वर करून ती म्हणायची, "मावशी, मला अर्धीच दिली." पुरी भाकर खाऊन म्हणायची, लबाड! आणि सगुणाबाई रोज तिला रागं भरून वर चतकोर द्यायची. त्या सकाळी केवळानं भाकरीकडं बघितलंच नाही. दुपारपर्यंत तिला सहा जुलाब आणि तीन उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी नऊ पोरी अंथरुणाला लागल्या, तिसऱ्या दिवशी चौदा. केवळाचे डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी लवकर खाली बसेना. सगुणाबाईनं ही कातडी आधी एकदा बघितली होती, खडीच्या ढिगाशेजारी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साखर-मिठाचं पाणी करून ती केवळाच्या उशाशी बसली आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहिली. "पी. पी म्हणते ना! मरायला आलीस व्हय इथं?"

गावात कुजबुज सुरू झाली. हौदाला हात कुणाचा लागतो? पाणी कोण भरतं? कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण संध्याकाळी मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "सगुणाबाई, थोडे दिवस पाण्याला हात लावू नका. माझं तसं काही नाही. लोकांचं समाधान होईल."

"समाधान? पोरी हगून मरून राहिल्या आन तुमाला लोकांचं समाधान पडलंय? बारा वर्षं हाच हात होता. तवा कुनाचं पोट दुखलं न्हाई."

"आवाज खाली."

"खाली कामून? मी चोरी केली का?"

पाणी भरायला दुसरी बाई आली. आणि गंमत बघा, पाण्याला जो हात चालत नव्हता तोच हात पोरींची ओकारी काढायला चालत होता, घाणेरड्या चादरी धुवायला चालत होता. सगुणाबाईनं कोंडाबाईकडं बघितलं. कोंडाबाई चुलीत फुंकत राहिली. धूर नव्हता तरी डोळे पुसत राहिली. "तू तरी बोल की गं," सगुणाबाई म्हणाली. कोंडाबाईनं चुलीत अजून एक लाकूड सारलं. पोरीच्या आजारापेक्षा सगुणाबाईला हे जास्त लागलं, आणि लागलं म्हणून तिला स्वतःचाच संताप आला.

पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्यातून जीप आली. डॉक्टर वीरभद्र, मूळचे नांदेडचे, वय तिशीच्या आतलं. त्यांनी आल्या आल्या केवळाला सलाईन लावलं आणि मग अंगणात खुर्ची टाकून विचारायला लागले. भोवती निम्मं गाव जमलं होतं. मास्तरांनी खाकरून सुरुवात केली, "त्याचं असं आहे डॉक्टरसाहेब, पाणी भरणारी जी बाई होती..."

"ती मी," सगुणाबाई पुढं झाली. "डाक्टर, इचारा या लोकांला. दोन दिस झाले, मी पाण्याला शिवले न्हाई. अकरा पोरी त्या दोन दिसांत पडल्या. त्या कुनाच्या हातानं पडल्या? आं? सांगा की! आता कामून मुकाट झाले सगळे?"

डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी मास्तरांकडं असं बघितलं की मास्तरांनी टोपी नीट केली. "हाताच्या जातीनं रोग लागत नाही, घाण हातानं लागतो. आणि घाण हाताला जात नसते," डॉक्टर म्हणाले. "धान्य कुठं ठेवता?"

सगुणाबाईनंच कोठीचं दार उघडलं. आत पाऊल टाकताच पायाखाली लेंड्या करकरल्या. उग्र मुताचा वास नाकात बसला. पोत्यांवरून दोन घुशी भरदिवसा आरामात चालत गेल्या, घर त्यांच्या बापाचं असल्यासारख्या. डॉक्टर बाहेर आले ते रागानं लाल होऊन. त्यांचा राग बघून सगुणाबाईला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत आपल्यासारखं चिडणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं होतं.

"उंदराच्या आतड्यात रोगाचे जंतू असतात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "काही तर इतके बारीक की आपल्या दवाखान्यातल्या दुर्बिणीतून दिसतसुद्धा नाहीत. विषाणू म्हणतात त्यांना. उंदराला स्वतःला काही होत नाही. तो खातो, हिंडतो, आणि लेंडीतून ते मागं टाकत जातो. पायाला, केसांना चिकटवून नेतो. ते लेकरांच्या पोटात गेले की हे असं होतं. इथं नेमका कोणता जंतू ते मी सांगू शकत नाही. नमुने पुण्याला पाठवीन, जिल्ह्याला अजून ती सोय नाही. पण उंदरावर माझा दाट संशय आहे."

"दिवाळीपासून बोंबलून राहिले मी," सगुणाबाई गरजली. "वीतभर पत्रा मागत होते! दिला का?"

मास्तरांनी हात वर केले. वर कळवलं होतं. गावातली मंडळी आता मास्तरांकडं बघायला लागली. कोंडाबाई चुलीपाशी न थांबता बाहेर आली आणि पहिल्यांदा म्हणाली, "खरं हाय. सगुणा सांगत व्हती. मी ऐकलंय." सगुणाबाईची मान ताठ झाली. तिच्या हाताला लागलेला आळ सगळ्या गावासमोर पुसला गेला होता. चोर सोडून संन्याशाला धरलं होतं, आता चोर सापडला होता. तिनं तिथंच थांबायला हरकत नव्हती.

डॉक्टर जीपकडं जाता जाता म्हणाले, "ही ज्वारी टाकून द्या. आणि एक लक्षात ठेवा, उंदीर ज्याच्यावर बसले, झोपले, मुतले, असं काहीही पाण्याजवळ जाऊ देऊ नका. पाण्यात गेलं की एका पोरीचं साठ पोरींना होतं."

सगुणाबाई जागच्या जागी थांबली.

मग ती हौदाकडं चालत गेली. गोणपाटाची कड उचलली. शिवणीच्या दुमडीत, तिच्याच सुतळीच्या टाक्यांमध्ये, पाण्यानं फुगलेल्या काळ्या लेंड्या ओळीनं बसल्या होत्या. कोठीतली पोती. उंदीर ज्यांच्यात व्याले होते ती पोती. तिनं झटकली होती. झटकून काय जातं? दोन दिवस बसून, मन लावून, तिनं ती शिवली होती आणि पोरींच्या तोंडच्या पाण्यात भिजत घातली होती. तिनं हात काढला तरी पोरी पडत राहिल्या, कारण गोणपाट कुणी काढलंच नव्हतं.

तिला कुणी पाहत नव्हतं. कड खाली सोडली असती तर कुणाला कळलं नसतं. पुढं कधीतरी गुपचूप काढून जाळून टाकता आलं असतं. आत केवळाला सलाईन चालू होतं. सलाईन संपल्यावर ती पाणी मागणार होती, आणि दुसरी बाई ते याच हौदातून देणार होती.

"डाक्टर!" ती ओरडली. जीप सुरू झाली होती, थांबली. "इकडं या. पत्र्याचा गुन्हा मास्तरचा. ह्यो माझा हाय. ही पोती कोठीतली हायत. मी शिवली, मी टाकली. कुनी सांगितलं न्हवतं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, म्हटलं नव्हतं? शेवटी हिच्याच हातानं." आणि ज्यांनी आठ-नऊ दिवसांपूर्वी तपासनिसांना ‘मीच करून घेतलंय’ म्हणून सांगितलं होतं ते देविदास मास्तर म्हणाले, "मला तर याची काही कल्पनाच नव्हती."

सगुणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. शिवी जिभेवर आली होती, पण तेवढा वेळ नव्हता.

डॉक्टर लेंड्या बघून गंभीर झाले. "हौद रिकामा करायला पाहिजे. घासून, पावडरीनं धुऊन मग भरायचा. पण..." ते अडखळले. हौद अर्ध्याहून जास्त भरलेला होता. टँकर यायला दोन दिवस होते. गाव एका घागरीसाठी भांडत होतं.

आता मात्र गलका झाला. पाणी फेकायचं? दुष्काळात? गाळून घेऊ, उकळून घेऊ, जनावरांना पाजू, गावात वाटून घेऊ. मास्तर म्हणाले, "वरची परवानगी घ्यावी लागेल."

‘वर’ हा शब्द ऐकला आणि सगुणाबाईच्या डोक्यात जे काय चौदा वर्षं तुंबलं होतं ते फुटलं. पदर खोचून ती हौदाच्या बुडाशी बसली आणि चिंध्यांचं बूच दोन्ही हातांनी ओढलं. ते निघेना. तिनं पाय हौदाला टेकवून झटका दिला. बूच निघालं आणि पाणी धो धो करत मातीत गेलं. बाया किंचाळल्या. एकजण घागर घेऊन धावला. सगुणाबाईनं ती घागर लाथेनं उडवली. "खबरदार! एक थेंब कुनाच्या घरात जाऊ देनार न्हाई! माझी एक गेलीय, ह्यातली एक जाऊ देनार न्हाई!" ती रडत होती आणि ओरडत होती, आणि पाणी कोरड्या जमिनीत जिरत होतं.

त्या दुपारी पाणी आलं ते बौद्ध वस्तीतल्या हापशाचं. अर्ध्या तासाला एक घागर भरायची. वस्तीतल्या बाया ओळीनं घागरी घेऊन आल्या, कोंडाबाईनं ते पाणी चुलीवर उकळून पोरींना पाजलं. साठ पोरी ते पाणी प्यायल्या, कुणी घागर कुणाची ते विचारलं नाही. विचारणारी माणसं अंगणाबाहेर उभी राहून बघत होती.

आठवड्याभरात पोरी उठून बसल्या. कोठीला पत्रा लागला. तो कोंडाबाईच्या नवऱ्यानं जुन्या डब्याचा कापून मारला, वर न कळवता. आणि एका सकाळी पंगतीत एक काडीसारखा हात वर झाला. "मावशी, मला अर्धीच दिली." सगुणाबाई आत जाऊन तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

त्याच दिवशी मास्तरांनी तिला कागद दिला. दुष्काळात पाण्याची नासाडी केल्याबद्दल कामावरून कमी. हाताचा, जातीचा उल्लेख नाही. कागद फार मऊ भाषेत होता.

गोष्ट इथं संपायला हवी होती. जून उजाडला, आभाळ कोरडंच होतं. पुण्याहून नमुन्यांचं उत्तर आलं नव्हतं. सगुणाबाई पुन्हा खडी फोडायला जात होती. एका संध्याकाळी कोंडाबाई केवळाला घेऊन तिच्या दारात आली. कोंडाबाईच्या हातात संस्थेकडून आलेला छापील कागद होता. "मास्तरनं भिंतीला लावला व्हता. मी काढून आणला. वाच गं पोरी."

केवळानं वाचलं. संस्थेच्या सर्व वसतिगृहांना कळविण्यात येते की, कवठेवाडी येथील अधीक्षकांनी पाणी बचतीचा अभिनव उपक्रम राबविला आहे. धान्याच्या रिकाम्या पोत्यांचे आच्छादन शिवून हौदावर टाकावे. सर्व अधीक्षकांनी त्याचे तातडीने अनुकरण करावे.

तपासनिसांची ती वही! वर गेलेले सगळे कागद हरवले, पत्र्याचा हरवला, स्मरणपत्रं हरवली, आणि हा एक तेवढा पोचला.

"वाच परत," सगुणाबाई म्हणाली. केवळानं परत वाचलं. सगुणाबाई उठली, मास्तरांच्या घरी गेली आणि म्हणाली, "लिहून द्या वर, की ह्यानं पोरी पडल्या." मास्तर म्हणाले, आता ते बरं दिसणार नाही, चौकशी लागेल, बघू. ती पुढं एक अक्षर बोलली नाही. ज्या बाईचा आवाज तीन गल्ल्या ऐकायच्या ती मुकाट घरी आली, हे बघून कोंडाबाई घाबरली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं सगुणाबाई निघाली. संस्थेची आणखी चार वसतिगृहं होती. पहिल्या ठिकाणी तिला फाटकातूनच हाकललं, तिनं फाटकाबाहेर बसून एवढा आरडाओरडा केला की डॉक्टरला बोलवावं लागलं, आणि डॉक्टर आला तेच तिला हवं होतं. दुसऱ्या ठिकाणी ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी हौदच कोरडा होता, तिथं गोणपाट घडी करून कोपऱ्यात टाकलेलं होतं. ते तिनं चुलीत घातलं आणि मगच निघाली.

चौथं देवणीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर. ती पोचली तेव्हा दुपार टळली होती. मागच्या अंगणात हौदाच्या सावलीला एक बाई पाय पसरून बसली होती. मांडीवर पोती, हातात दाभण, तोंडात सुतळीचं टोक. कामात अशी रंगली होती की सगुणाबाई पुढं उभी राहिली तरी तिला कळलं नाही. टाके मोठे सुबक होते.

"कुणी शिकवलं गं हे?" सगुणाबाईनं विचारलं.

बाईनं मान वर केली आणि हसली. "कवठेवाडीचे कोन मास्तर हाईत म्हनं. त्यांनी शोध लावलाय. लई हुशार मानूस."

सगुणाबाई तिच्यासमोर मातीत बसली. तिनं पोत्याची कड हातात घेतली, दुमड उघडली आणि आतलं त्या बाईला दाखवलं.

"मास्तरनं न्हाई. मी लावलाय ह्यो शोध," ती म्हणाली. "उसव."